किलोमीटरमागे किती? गाडी बाळगण्याच्या खर्चाचा हिशेब, पायरीपायरीने

पहिली गाडी घेणाऱ्याच्या मनात साधारणपणे दोनच आकडे असतात: गाडीची किंमत आणि महिन्याचा हप्ता. हे दोन जुळले की गाडी परवडते असे समजून बुकिंग केले जाते, आणि मग पुढची आठ-दहा वर्षे विमा, इंधन, टायर, सर्व्हिसिंग, बॅटरी, पार्किंग अशा निमित्तांनी जे पैसे जात राहतात, ते प्रत्येक वेळी ‘अचानक उपटलेला खर्च’ वाटतात. वस्तुतः त्यांतला फारच थोडा भाग अचानक आलेला असतो. टायर झिजणार, बॅटरी बसणार, ब्रेक पॅड संपणार हे गाडी दारात आली त्याच दिवशी ठरलेले असते. फक्त तारीख ठाऊक नसते. मी माझ्या पहिल्या गाडीच्या वेळी हा हिशेब मांडला नव्हता आणि त्याची किंमत मोजली, म्हणून नव्याने गाडी घेणाऱ्यांनी तो आधीच, कागद-पेन घेऊन मांडावा असे मला मनापासून वाटते.

किमती देशोदेशी आणि वर्षागणिक बदलतात, त्यामुळे या लेखात कोणतेही चलन वापरलेले नाही. जिथे आकडेमोड आहे तिथे नव्या गाडीची सर्व करांसह किंमत 100 धरली आहे. आपल्या गाडीची किंमत घालून तीच आकडेमोड कोणालाही करता येईल.

पहिली पायरी: किती वर्षे आणि किती किलोमीटर, हे आधी लिहा

गाडी किती वर्षे ठेवणार आणि वर्षाला किती चालवणार, या दोन उत्तरांवाचून पुढची कोणतीही बेरीज करता येत नाही. ‘चांगली चालेल तोवर’ हे उत्तर चालणार नाही. 5, 8, 10 असा आकडा लिहावा. किलोमीटरच्या बाबतीत बहुतेक जण अंदाजात चुकतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर वर्षातून दोनदा केलेला लांबचा प्रवास असतो. त्याऐवजी एका साध्या आठवड्यापासून सुरुवात करावी. कामाच्या ठिकाणी जाण्या-येण्याचे अंतर, मुलांना सोडणे-आणणे, खरेदी आणि इतर फेऱ्या यांची बेरीज करून तिला 48 किंवा 50 ने गुणावे आणि मग लांबचे प्रवास त्यात मिळवावेत. या लेखात पुढे 10 वर्षे आणि वर्षाला 15,000 किलोमीटर, म्हणजे एकूण 1,50,000 किलोमीटर असे उदाहरण घेतले आहे.

दुसरी पायरी: घसारा, म्हणजे ज्याची पावती कधीच मिळत नाही असा खर्च

गाडीच्या किमतीत वर्षागणिक होणारी घट हा अनेक मालकांच्या बाबतीत सर्वांत मोठा खर्च असतो, आणि तोच सर्वांत कमी जाणवतो. पंपावर पैसे देताना हात खिशात जातो, गॅरेजचे बिल हातात पडते. घसाऱ्याचे मात्र बिल येत नाही. तो एकदाच, गाडी विकण्याच्या दिवशी समोर उभा राहतो, आणि तेव्हा काही करण्यासारखे उरलेले नसते.

घट पहिल्या वर्षी सर्वांत जास्त असते. याचे एक कारण अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 मध्ये वापरलेल्या गाड्यांच्याच बाजाराचे उदाहरण घेऊन मांडले होते. विकणाऱ्याला आपल्या गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला ते दिसत नाहीत. त्यामुळे घेणारा प्रत्येक जुन्या गाडीकडे संशयाने पाहून कमी भाव देतो आणि चांगल्या गाडीच्या मालकालाही त्याची झळ बसते. माहितीच्या या असमानतेवरील संशोधनासाठी अकरलॉफ यांना 2001 मध्ये इतर दोघांसह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. नव्याने गाडी घेणाऱ्याने यातून एक व्यवहाराची गोष्ट उचलावी: घेणाऱ्याचा संशय जितका कमी करता येईल तितका भाव टिकतो. म्हणून पहिल्या दिवसापासून सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती, विम्याचे कागद आणि दोन्ही किल्ल्या एका पिशवीत सांभाळून ठेवाव्यात.

आता आकडे पाहू. समजा, पहिल्या वर्षी किंमत 20 टक्क्यांनी घटते आणि त्यानंतर दर वर्षी उरलेल्या किमतीच्या 15 टक्क्यांनी. हे केवळ नमुन्याचे गृहीतक आहे. आपल्या मॉडेलच्या तीन, पाच आणि आठ वर्षे जुन्या गाड्या आज कोणत्या भावाने विकल्या जात आहेत हे पाहून खरा दर काढता येतो. या गृहीतकाने 100 ची गाडी वर्षअखेर 80, तीन वर्षांनी सुमारे 58, पाच वर्षांनी 42, आठ वर्षांनी 26 आणि दहा वर्षांनी 18.5 इतकी उरते. म्हणजे नवी घेऊन पाच वर्षांनी विकणाऱ्याला घसारा वर्षाला सुमारे 11.6 पडला, दहा वर्षे ठेवणाऱ्याला 8.15 पडला, आणि तीन वर्षे जुनी गाडी घेऊन पुढे पाच वर्षे वापरणाऱ्याला जेमतेम 6.4. गाडी तीच आणि रस्तेही तेच, तरी पहिल्या आणि तिसऱ्या मालकाच्या खर्चात जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. अर्थात जुन्या गाडीत दुरुस्तीचा वाटा वाढतो आणि वॉरंटी संपत आलेली असते, त्यामुळे हा सगळा फरक खिशात राहत नाही. पण त्यातला बराचसा राहतो, आणि म्हणून पहिली गाडी दोन-तीन वर्षे जुनी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र माहितीतल्या मेकॅनिकला बरोबर नेऊन ती तपासून घेण्यात कंजुषी करू नये.

तिसरी पायरी: पैशाची किंमत

कर्जाच्या बाबतीत महिन्याचा हप्ता हा सर्वांत फसवा आकडा आहे, कारण मुदत वाढवली की तो लहान दिसतो. 100 चे कर्ज वार्षिक 9 टक्के व्याजाने 5 वर्षांसाठी घेतले, तर महिन्याचा हप्ता सुमारे 2.08 बसतो आणि एकूण परतफेड 124.5 होते. तेच कर्ज 7 वर्षांसाठी घेतले, तर हप्ता 1.61 वर येतो. पण परतफेड 135 होते. दरमहा वाचलेल्या अर्ध्याहून कमी एककासाठी एकूण साडेदहा एकके जास्त मोजावी लागतात. शिवाय लांब मुदतीच्या कर्जात गाडीची किंमत शिल्लक कर्जापेक्षा वेगाने घसरते, आणि मध्येच गाडी विकावी लागली तर आलेल्या पैशांत कर्जही फिटत नाही.

रोख पैसे देऊन घेतली म्हणजे हा खर्च टळला असे समजू नये. ती रक्कम ठेवीत असती तर तिच्यावर व्याज मिळाले असते. ते बुडालेले व्याजही वहीत लिहावे. दोन्ही बाजूंनी प्रामाणिक हिशेब केला तरच रोख आणि कर्ज यांची तुलना बरोबर होते.

चौथी पायरी: गाडी उभी असली तरी होणारे खर्च

विमा, वाहन कर, नोंदणी, तपासणी, पार्किंगचे भाडे हे खर्च किलोमीटरवर अवलंबून नसतात. त्यांची यादी करणे सोपे आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. विम्याबद्दल मात्र थोडे सांगायला हवे.

दुसऱ्याच्या जिवाचे किंवा मालमत्तेचे नुकसान भरून देणारा तृतीय पक्ष विमा जगातील बहुतेक देशांत सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून देणारा सर्वसमावेशक विमा वेगळा, आणि त्यात आपल्या हातात काही गोष्टी असतात. प्रत्येक दाव्यातली पहिली ठरावीक रक्कम स्वतः सोसायची तयारी दाखवली तर हप्ता कमी होतो. वर्षभर दावा केला नाही तर पुढच्या हप्त्यात सवलत मिळते आणि ती वर्षागणिक वाढत जाते. म्हणून बंपरवरच्या ओरखड्यासाठी दावा करण्यापूर्वी दुरुस्तीचा खर्च आणि बुडणारी सवलत एकमेकांशेजारी लिहून पाहावी. लहान दावा पुष्कळदा तोट्याचा ठरतो. गाडी बरीच जुनी झाली की तिची विमा उतरवलेली रक्कमही उतरते, तेव्हा सर्वसमावेशक विम्याचा हप्ता त्या रकमेच्या मानाने वाजवी आहे का, हे दर वर्षी नव्याने तपासावे. तृतीय पक्ष विम्यात मात्र कधीही तडजोड करू नये, कारण तिथे पणाला लागते ती आपली आयुष्यभराची कमाई.

पाचवी पायरी: इंधन लिटरमध्ये मोजा, पैशांत नंतर

इंधनाचे भाव वर-खाली होत राहतात, त्यामुळे आधी लिटर मोजावेत. लिटरला 15 किलोमीटर देणारी गाडी 1,50,000 किलोमीटरमध्ये 10,000 लिटर इंधन पिते. हे पेट्रोल असेल तर त्याचे वजन साडेसात टनांच्या आसपास भरते, म्हणजे गाडी आपल्या आयुष्यात स्वतःच्या वजनाच्या पाच-सहा पट इंधन जाळते. आजचा भाव लावून या लिटरची किंमत काढावी आणि ती गाडीच्या किमतीशेजारी लिहावी. भाव निम्म्याने वाढला तर काय, याचीही एक ओळ तिथेच लिहून ठेवावी.

‘ॲव्हरेज किती देते?’ या प्रश्नात एक चकवा आहे. लिटरला 10 किलोमीटर देणारी गाडी सोडून 12 देणारी घेतली आणि लिटरला 20 देणारी सोडून 24 देणारी घेतली, तर दुसरा बदल मोठा वाटतो. प्रत्यक्ष हिशेब उलट निघतो. वर्षाला 15,000 किलोमीटरला पहिल्या बदलात 1,500 लिटरचे 1,250 होतात, म्हणजे 250 लिटर वाचतात. दुसऱ्यात 750 चे 625 होतात आणि वाचतात फक्त 125 लिटर. रिचर्ड लॅरिक आणि जॅक सॉल या संशोधकांनी 2008 मध्ये हा भ्रम पद्धतशीर दाखवून दिला आणि गाडीचे इंधन अंतराला किती लागते अशा भाषेत मोजावे असे सुचवले. युरोपात 100 किलोमीटरला किती लिटर अशीच मोजणी करतात, आणि आपण वहीत तशीच करावी. सर्वांत जास्त पिणारी गाडी थोडी जरी सुधारली तरी तिथे बचत मोठी होते.

जाहिरातीतला आकडा प्रयोगशाळेतल्या चाचणीचा असतो. खरा आकडा टाकी फुल ते टाकी फुल मोजूनच मिळतो. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तसेच भरून किती लिटर मावले व किती किलोमीटर झाले ते लिहावे. एका खेपेच्या आकड्यावर विसंबू नये. सलग तीन खेपांची सरासरी घ्यावी.

इंधन वाचवण्याच्या सल्ल्यांपैकी ज्यांनी खरोखर फरक पडतो ते मोजके आहेत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे ताशी 80 ऐवजी 100 ने गेल्यास तो 56 टक्क्यांनी वाढतो आणि 120 ने गेल्यास सव्वादोन पट होतो. टपावरचा कॅरिअर रिकामा असला तरी हाच विरोध वाढवतो. चालू इंजिनावर उभी असलेली गाडी तासाला साधारण अर्धा ते एक लिटर इंधन फुकट जाळते. आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितले नसेल तर महागडे, जास्त ऑक्टेनचे पेट्रोल भरून इंजिनाला काही लाभ होत नाही.

सहावी पायरी: झीज, आणि तिच्यासाठी दरमहा बाजूला ठेवायची रक्कम

नवखा मालक सर्वांत जास्त इथेच अडखळतो. इंधनाचा खर्च थेंबाथेंबाने जातो, दुरुस्तीचा खर्च मात्र ढेपेसारखा येऊन पडतो. त्याला सामोरे जाण्याची रीत एकच: झिजणाऱ्या प्रत्येक भागाची किंमत त्याच्या आयुष्याने भागावी आणि तेवढी रक्कम तो भाग चालू असतानाच साठवत जावी.

टायरपासून सुरुवात करू. चांगल्या टायरचा संच साधारणपणे 40,000 ते 60,000 किलोमीटर जातो. 50,000 धरले, तर 1,50,000 किलोमीटरला तीन संच लागतात, त्यांतला एक गाडीबरोबर आलेला, म्हणजे दोन विकत घ्यायचे. वर्षाला 15,000 किलोमीटर असतील, तर एका संचाच्या किमतीचा 40 वा भाग दरमहा बाजूला ठेवला की बदलण्याच्या दिवशी पैसे तयार असतात. इंजिनाच्या तेलापासून क्लच प्लेटपर्यंत प्रत्येक भागासाठी हीच भागाकाराची रीत लागू होते.

टायरच्या बाजूवर, ‘डीओटी’ या अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी, एका लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. ‘3521’ असे दिसले तर तो टायर 2021 सालच्या 35 व्या आठवड्यात तयार झाला आहे. रबर न वापरताही म्हातारे होते, त्यामुळे नवा म्हणून विकत घेतलेला टायर दुकानात तीन वर्षे पडून होता का, हे पैसे देण्यापूर्वी वाकून पाहावे. हवेचा दाब किती ठेवायचा हे मात्र टायरवर लिहिलेल्या आकड्यावरून ठरवू नये, कारण तिथे कमाल मर्यादा दिलेली असते. योग्य आकडा चालकाच्या दरवाज्याच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत असतो, आणि तो थंड टायरसाठी असतो. हवा महिनाभरात आपसूक थोडी उतरतेच. कमी हवेचा टायर दोन्ही कडांना लवकर झिजतो आणि इंधनही जास्त खातो. महिन्यातून एकदा हवा तपासणे आणि दर 8,000 ते 10,000 किलोमीटरला टायरांच्या जागा बदलून अलाइनमेंट पाहून घेणे, इतके केले तरी टायरचे आयुष्य बरेच वाढते. नक्षीची खोली 1.6 मिलिमीटरवर आली की अनेक देशांच्या कायद्यानुसार टायर बाद होतो. पावसाळी रस्त्यावर त्याच्या आधीच बदललेला बरा.

ब्रेक पॅड स्वस्त आहेत आणि डिस्क महाग. अनेक गाड्यांच्या पॅडमध्ये पत्र्याची एक बारीक जीभ बसवलेली असते. पॅड संपत आला की ती डिस्कला घासून चिरका आवाज करू लागते. तो आवाज म्हणजे गाडीने दिलेली सूचना आहे. मी एकदा तो आवाज तीन आठवडे ‘धुळीमुळे येत असेल’ म्हणत ऐकून घेतला. चाक उतरवले तेव्हा पॅडचा मसाला पार संपून पाठीचा लोखंडी पत्रा डिस्कवर घासत होता आणि डिस्कवर बोट फिरवले तर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या चऱ्या लागत होत्या. केवळ पॅड बदलून भागले असते तिथे दोन्ही डिस्क बदलाव्या लागल्या.

टायमिंग बेल्टच्या बाबतीत दुर्लक्ष याहून महागात पडते. काही इंजिनांत हा रबरी पट्टा असतो, काहींत धातूची साखळी. आपल्या गाडीत काय आहे हे खरेदीपूर्वी विचारावे. रबरी पट्ट्याची मुदत गाडीनुसार बहुधा 60,000 ते 1,00,000 किलोमीटर किंवा ठरावीक वर्षे असते. तो चालत्या गाडीत तुटला तर अनेक इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि काही क्षणांत इंजिन उघडण्याची वेळ येते. जुनी गाडी घेताना हा पट्टा बदलल्याची पावती मागावी. ती नसेल तर बदललेला नाही असे धरून तेवढी रक्कम भावातून कमी करून घ्यावी.

इंजिनाचे तेल पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा दिलेल्या महिन्यांनी, जे आधी येईल तेव्हा बदलावे. ‘गाडी फारशी चालतच नाही’ म्हणून तेल लांबणीवर टाकणारे पुष्कळ असतात. पण दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन पुरते तापत नाही, तेलात शिरलेली वाफ आणि कच्चे इंधन उडून जात नाही, आणि तेल उलट लवकर बिघडते. ब्रेकचे तेल हवेतला ओलावा शोषून घेते, त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो आणि उतारावर सतत ब्रेक लावताना तो दगा देऊ शकतो; बहुतेक पुस्तिकांत ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलेले असते. बॅटरी तीन ते पाच वर्षे टिकते, उष्ण हवेत त्याहून कमी. कूलंट, एअर फिल्टर, वायपर ब्लेड, बल्ब हे किरकोळ खर्च वर्षाला एक ठोक आकडा धरून मोकळे व्हावे.

यांखेरीज सहा-सात वर्षांनंतर सस्पेन्शनचे रबरी भाग, शॉक ॲब्सॉर्बर, क्लच, एसीचा कॉम्प्रेसर अशी मोठी कामे येतात. ती सगळी येतीलच असे नाही, पण त्यांपैकी एक-दोन येतातच. आठव्या वर्षानंतरची मासिक शिल्लक आधीच्या दुप्पट धरावी, असा माझा अनुभवावरून आलेला सल्ला आहे.

विजेची गाडी घेणार असाल तर

हिशेबाची चौकट तीच राहते, आकडे बदलतात. मध्यम आकाराची विजेची गाडी 100 किलोमीटरला साधारण 15 ते 20 युनिट वीज घेते. 16 धरले, तर 1,50,000 किलोमीटरला 24,000 युनिट होतात, आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज म्हणून त्यात दहाएक टक्के मिळवावे. घरच्या विजेचा दर आणि रस्त्यावरच्या फास्ट चार्जरचा दर यांत मोठी तफावत असते, म्हणून किती टक्के चार्जिंग घरी होणार हे लिहिल्याशिवाय आकडा खरा होत नाही. इंजिनाचे तेल, स्पार्क प्लग, टायमिंग बेल्ट, क्लच हे सगळे यादीतून जाते; मोटरच वेग कमी करून वीज परत भरत असल्याने ब्रेक पॅडही पुष्कळ टिकतात. टायर मात्र गाडीच्या जास्त वजनामुळे लवकर झिजू शकतात, आणि ब्रेकचे तेल, कूलंट व 12 व्होल्टची छोटी बॅटरी ही कामे राहतातच. मोठ्या बॅटरीची वॉरंटी अनेक कंपन्या 8 वर्षे किंवा 1,60,000 किलोमीटर अशी देतात आणि त्या काळात क्षमता बहुधा 70 टक्क्यांखाली जाणार नाही याची हमी देतात. वॉरंटीच्या पलीकडे गाडी ठेवायची असेल, तर पुनर्विक्रीचा आकडा हात राखूनच धरावा.

सातवी पायरी: बेरीज, आणि किलोमीटरने भागाकार

आता वहीच्या एका पानावर दोन रकाने करावेत. डावीकडे वर्षाला ठरलेले खर्च: घसारा, व्याज, विमा, कर, पार्किंग. उजवीकडे किलोमीटरबरोबर वाढणारे: इंधन, टायर, सर्व्हिसिंग, झीज, टोल. घसारा काही अंशी किलोमीटरवरही अवलंबून असतो, पण पहिल्या मांडणीत तो डावीकडेच ठेवावा.

समजा, डावीकडची बेरीज वर्षाला 15 एकके आली आणि उजवीकडची दर 1,000 किलोमीटरला 0.6. वर्षाला 20,000 किलोमीटर चालवणाऱ्याला दर 1,000 किलोमीटरला 1.35 एकके पडतात, 10,000 चालवणाऱ्याला 2.1, आणि 5,000 चालवणाऱ्याला 3.6. कमी वापर असलेल्या माणसासाठी गाडी किलोमीटरमागे किती महाग पडते, हे या तीन आकड्यांतून जसे दिसते तसे कुठल्याही उपदेशातून दिसणार नाही. तुमचा आकडा तिसऱ्यासारखा येत असेल, तर त्याच अंतराचे टॅक्सीचे, भाड्याच्या गाडीचे आणि सार्वजनिक वाहतुकीचे पैसे शेजारी लिहून पाहावेत. तरीही गाडी घ्यावीशी वाटली, घरात आजारी किंवा वयस्कर माणूस आहे, रात्री-अपरात्री निघावे लागते, तर जरूर घ्यावी. त्या सोयीसाठी आपण नेमके किती मोजत आहोत हे तेव्हा ठाऊक असते.

या दोन रकान्यांचा आणखी एक उपयोग आहे. गाडी घ्यावी की नाही हे ठरवताना दोन्ही रकाने मोजायचे. पण गाडी दारात आल्यावर उद्याच्या एका प्रवासाला ती काढावी की रेल्वेने जावे, हे ठरवताना फक्त उजवा रकाना पाहायचा, कारण डावीकडचे पैसे गाडी काढली नाही तरी जाणारच आहेत. पुष्कळ जण नेमके उलट करतात: घेताना केवळ इंधनाचा विचार आणि घेतल्यावर विम्याचा हप्ता ‘वसूल’ करण्यासाठी नसलेल्या कामांच्या फेऱ्या.

आठवी पायरी: गाडीतली वही

ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही आणि पेन्सिल ठेवावी. पेनची शाई उन्हात वाळते. तारीख, ओडोमीटरचा आकडा, काय केले, किती पैसे, एवढे चारच रकाने पुरतात. मोबाइलवर लिहिले तरी हरकत नाही, पण त्याच वेळी लिहावे, रात्री आठवून नव्हे. सहा महिन्यांतच ही वही बोलू लागते. 100 किलोमीटरला 6.5 लिटर घेणारी गाडी सलग तीन खेपा 7.3 घेत असेल, तर टायरमधली हवा, एअर फिल्टर किंवा अडकलेला ब्रेक यांपैकी काहीतरी नक्की आहे, आणि ते गॅरेजवाल्याने सांगण्याआधी तुम्हाला कळलेले असते.

नववी पायरी: दुरुस्त करावी की विकावी

जुन्या गाडीचे मोठे बिल समोर आले की लोक त्याची तुलना गाडीच्या किमतीशी करतात आणि ‘गाडीच्या निम्म्या किमतीचे काम निघाले, आता काढून टाकू’ असे ठरवतात. ही तुलना चुकीची आहे. खरी तुलना पुढच्या दोन वर्षांची करायची. एका बाजूला हे बिल, दोन वर्षांतली इतर संभाव्य कामे आणि या गाडीचा आता अगदी कमी उरलेला घसारा. दुसऱ्या बाजूला बदली गाडीचा दोन वर्षांचा घसारा, व्याज आणि वाढीव विमा, त्यातून इंधनात होणारी बचत वजा करून. वरच्या नमुन्यात नवी गाडी पहिल्या दोन वर्षांतच 100 वरून 68 वर येते, म्हणजे 32 एकके केवळ घसाऱ्यात जातात. आठ-दहा वर्षांच्या गाडीची दोन वर्षांची दुरुस्ती क्वचितच तिथवर पोहोचते. गेल्या वर्षी तिच्यावर किती खर्च केला, हा आकडा मात्र यात अजिबात धरू नये. ते पैसे दोन्ही पर्यायांत सारखेच गेलेले आहेत.

याला अपवाद सुरक्षिततेचा आहे. सांगाड्याला खालून गंज चढून तो पोखरला असेल किंवा मोठ्या अपघातानंतर गाडी सरळ चालत नसेल, तर आकडेमोड थांबवावी आणि गाडी रस्त्यावरून काढावी. रस्त्यात वारंवार बंद पडून कामावर पोहोचू न देणारी गाडीही विकावी, कारण बुडालेल्या दिवसांची मजुरी ही उजव्या रकान्यातली रक्कम आहे आणि ती कोणी लिहीत नाही.

विकायचे ठरले की पावत्यांची पिशवी आणि वही घेणाऱ्यासमोर ठेवावी. त्याआधी शेवटच्या पानावर ओडोमीटरचा आकडा, हाती येणारी रक्कम आणि खरेदीच्या दिवसापासूनची सगळी बेरीज लिहून किलोमीटरने भागावे, आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. पुढच्या गाडीच्या वहीत पहिल्या पायरीचे आकडे तिथूनच उतरवायचे आहेत.